पाठीवर चालणारी अळी: परसातल्या एका गांडूळ हौदाचं प्रकरण

पार्श्वभूमी

चंदगडकडनं ढग उठले की जिथं ते आधी मोकळे होतात, त्या बेळगावच्या पश्चिम पट्ट्यातलं हे एक गाव. घर एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं. मी त्यांचा जुना विद्यार्थी, आता शहरात हायस्कूलला विज्ञान शिकवतो, म्हणून इथंही त्यांना गुरुजीच म्हणतो. बाकीच्यांचीही नावं घेत नाही. गुरुजींची आई ती आजी, सून ती वहिनी, आणि चिकोडीकडचे जावई. एवढी माणसं या गोष्टीला पुरेत.

परसात दोन नारळ, एक पपई, अळवाचा वाफा आणि आठ-दहा कोंबड्या. नारळाच्या सावलीत गुरुजींनी विटांचा हौद बांधून घेतला होता: सहा फूट लांब, तीन रुंद, दोन खोल. वर मंगलोरी कौलांचं छोटं छप्पर, तळाशी एका कोपऱ्यात पाणी जायला भोक. संक्रांतीनंतर त्यात दोन किलो गांडुळं सोडली. आडवे पट्टे असलेली तांबडी जात, शास्त्रीय नाव आयसेनिया फेटिडा. खाली उसाचं पाचट, वर मुरलेलं शेण, त्यावर घरातली सालं-देठं. मेच्या सुरुवातीला पहिलं खत निघालं, चहापुडीसारखं मोकळं आणि बिनवासाचं. त्या वेळी कुठंही मूठ घातली तर पंधरा-वीस गांडुळं हाताला लागायची. हा आकडा वहिनींनी कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, म्हणून पुढं तुलना करता आली.

अडचण

जून संपता संपता पाऊस लागला आणि घर रोप लावणीत गुंतलं. हौदाकडं बघायला उरली एकटी वहिनी. तिला दोन गोष्टी दिसल्या. सालांच्या खाली पांढऱ्या, दोऱ्यासारख्या, बोटाच्या पेरापेक्षाही लहान अळ्यांचे पुंजके वळवळत होते. शिवाय मोहरीपेक्षा जराशा मोठ्या, पिवळसर तपकिरी, लिंबासारख्या दोन्हीकडं टोक असलेल्या गोळ्या सगळीकडं पसरल्या होत्या. पांढऱ्या वळवळीचा फोटो तिनं मला पाठवला. मी वर्गावर होतो. धूसर फोटो बघून मी लिहिलं, "पिल्लं असतील. खायला वाढवा."

गोळ्यांचा फोटो तिनं पाठवला नाही, कारण त्यात विचारण्यासारखं तिला काही वाटलं नाही. कीड पडली की अंडी वेचायची, हे वांग्याच्या वाफ्यावर शिकलेलं. तीन आठवडे ती रोज चमचा-दोन चमचे गोळ्या वेचून कोंबड्यांना टाकत होती.

नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी लेक माहेरी आली. सोडायला जावई आले. वहिनी हौद हलवत होती, तर खुरप्याबरोबर पांढऱ्या, जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या वर आल्या. एकदम अकरा.

"ही हुमणीच हाय, मामा," जावई म्हणाले. "दोन वर्षं झाली, एक एकर ऊस गेला की माझा."

शेजारच्या अक्का कुंपणावरनं डोकावल्या आणि त्यांनीही तेच सांगितलं: "इदु गोण्णे हुळ री." दोन भाषा, दोन नावं आणि भीती एकच. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात ज्यानं हुमणी बघितली आहे, त्याला ही भीती समजावून द्यावी लागत नाही. ऊस जागच्या जागी पिवळा पडतो, बेट धरून ओढलं की मुळांशिवाय अलगद हातात येतं, आणि खाली माती उकरली की ही अळी सापडते.

मग गुरुजींनी मूठ घालून बघितलं. गांडुळं चार. दुसऱ्या मुठीत दोन. अळ्या आल्या आणि गांडुळं गेली, म्हणजे अळ्यांनीच खाल्ली, असा निष्कर्ष पाच मिनिटांत निघाला. मी तिथं असतो तर मीही बहुधा तोच काढला असता.

समोर आलेले पर्याय

जावयांचं म्हणणं दोन टोकांचं होतं: एकतर हौद उपसून सगळं उन्हात पसरा, नाहीतर थिमेट टाका. थिमेटची अर्धी पिशवी गोठ्याच्या माळ्यावर कुठल्या काळापासून पडून होती. थिमेट म्हणजे फोरेट, आणि फोरेटवर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. ते माणसालाही विष आणि गांडुळालाही. हौदात टाकलं असतं तर अळ्यांबरोबर उरलेली गांडुळं गेली असती, आणि ते खत अळवाच्या वाफ्यात जाणार होतं. अळवाची पानं पुढं घरातल्यांच्याच ताटात.

पण जावयांची बाजू नुसती उतावीळपणाची नव्हती. त्यांचा प्रश्न होता, हे खत उद्या शेतात गेलं तर हुमणीही शेतात जाणार की नाही? न मुरलेल्या शेणखताबरोबर अळ्या शेतात जातात, ही काही अंधश्रद्धा नाही. नुकतीच बाहेर पडलेली हुमणी आधी कुजक्यावरच जगते, मुळांकडं नंतर वळते. अळी खरंच हुमणी असती, तर त्यांचा पहिला पर्याय, हौद उपसायचा, अगदी रास्त होता.

अक्कांनी मीठ सुचवलं. शेंबड्या गोगलगायीला चालतं ते गांडुळालाही लागू पडतं, म्हणजे मारतं. तो विषय गुरुजींनी तिथंच मिटवला.

चौथा पर्याय होता थांबून बघण्याचा, आणि तो बोलून दाखवणं सगळ्यांत अवघड होतं. जावई पहिल्यांदाच घरच्या कामात लक्ष घालून काही सांगत होते. त्यांना "नको" कोण म्हणणार? गुरुजी गप्प बसले, वहिनी बोलणं शक्यच नव्हतं. आजी मात्र चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "उद्या पंचमी. माती उकरायची नाही, काय चिरायचं नाही. परवा बघा काय ते."

पंचमीच्या नियमापुढं जावयांनाही काही बोलता आलं नाही. तंबिटाचे लाडू खाऊन ते मुक्कामाला राहिले. या एका दिवसात प्रकरण फिरलं. रात्री वहिनींनी मला फोन केला.

पंचमीचा दिवस: न उकरता बघणं

सकाळी मी पोचलो तेव्हा अकरा अळ्या आदल्या दिवशीपासून एका डब्यात होत्या, म्हणजे उकरायची गरजच नव्हती. एक जादा कौल ओट्यावर उताणं ठेवलं आणि अळ्या त्याच्या सपाट भागावर सोडल्या. सगळे भोवती बसले, जावईही.

आठ अळ्या काही वेळानं सरळ पाठीवर उलथल्या आणि पाय आकाशाकडं करून, पाठीचे स्नायू आखडत-सैलावत, होडीसारख्या चालायला लागल्या. आजींनी तोंडाला पदर लावला. ही खूण पक्की. फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांच्या अळ्यांचे पाय इतके आखूड असतात की त्या पाठीवर चालतात. हुमणी असं करत नाही. ती कुशीवर वेटोळं करून पडते, नाहीतर पायांनी सरकत मातीत शिरायला बघते. या पाठीवरच्या अळ्या कुजलेलं पान-शेण खातात. मुळं नाही, गांडुळंही नाहीत. गांडुळांचंच काम त्या जरा मोठ्या तोंडानं करतात.

उरलेल्या तीन कुशीवरच पडून राहिल्या. इथं माझी पंचाईत झाली, कारण रात्री फोनवर मी छातीठोकपणे "हुमणी नसणार" सांगून बसलो होतो. हुमणीच्या शेपटाकडच्या पोटाखाली बारीक काट्यांच्या दोन समांतर ओळी असतात. भिंगातून बघितलं, ओळी दिसल्या नाहीत, पण चिखल इतका होता की त्यावर शपथ घेता आली नसती. निकाल आकारानं दिला. पूर्ण वाढलेली हुमणी चारेक सेंटिमीटरच्या आसपास. या तिघी अंगठ्याएवढ्या जाड आणि सरळ केल्या तर सात सेंटिमीटरच्या वर. मग मान वर केली आणि नारळाकडं बघितलं. दोन झावळ्या कात्रीनं तिरक्या छाटल्यासारख्या, पंख्याच्या आकारात कापलेल्या. गेंडा भुंगा. तो झाडाच्या शेंड्यात शिरून कोवळी झावळी उलगडायच्या आधीच कुरतडतो, म्हणून ती उघडल्यावर असा नक्षीकाम केल्यासारखा काप दिसतो. त्याची पिलावळ शेणाच्या ढिगात वाढते. आपण नारळाखालीच शेणाचा हौद बांधून त्याला बाळंतखोली करून दिली होती.

म्हणजे जावई तीन-अकरांशाइतके बरोबर होते. शत्रू होता, फक्त उसाचा नव्हता आणि गांडुळांचा तर नव्हताच.

मग गांडुळं गेली कुठं?

हौदात कोण कोण होतं

दुसऱ्या दिवशी उकरायला हरकत नव्हती. पांढरं ताट, टॉर्च, भिंग आणि जुना कुंचला. पाच ठिकाणची पाच मुठी माती ताटात पसरली आणि जे हलेल ते बाजूला केलं. गांडुळं एकूण चौदा. बाकीची मंडळी मात्र शेकड्यांनी.

सगळ्यांत जास्त त्या पांढऱ्या वळवळीच्या अळ्या, ज्यांना मी पिल्लं म्हणालो होतो. भिंगाखाली त्या आरपार पांढऱ्या होत्या. गांडुळाचं पिल्लू कितीही फिकट असलं तरी त्याच्या अंगातून रक्ताची तांबडी रेघ दिसते, आणि दोन-चार दिवसांत ते गुलाबी होतं. या कधीच गुलाबी होत नाहीत. त्या गांडुळांच्या दूरच्या नात्यातल्या पांढऱ्या कृमी. स्वतः निरुपद्रवी, पण माजतात ते ओल आणि आंबटपणा वाढला की. आणि मी सांगितलं होतं, खायला वाढवा! त्या आंबटपणात भर घालायचा सल्ला माझा.

मग वहिनींनी सहज एक पिवळी गोळी चिमटीत धरून दाखवली. "ही अंडी तेवढी मी रोज वेचत होते."

मी ती टॉर्चसमोर धरली. आत तांबूस काहीतरी हललं. तो गांडुळाचा कोश होता. या जातीच्या एका कोशातून साधारण दोन-तीन पिल्लं निघतात. तीन आठवडे, रोज चमचा-दोन चमचे. कोंबड्यांची चंगळ झाली होती. ओट्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मी पांढऱ्या कृमींना पिल्लं ठरवलं आणि वहिनींनी पिल्लांना कीड, आणि दोघांनीही मनापासून.

बाकीचे पाहुणे थोडक्यात सांगतो. मळकट रंगाच्या, चपट्या, चिवट कातडीच्या, बिनपायाच्या अळ्या कच्च्या सालांच्या थरात होत्या. या काळ्या सैनिक माशीच्या. माशी गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही. अळ्या मात्र गांडुळांच्या आधी अन्न फस्त करतात, आणि काळ्या पडल्या की स्वतःच भिंत चढून बाहेर जातात. टाचणीच्या टोकाएवढे, फुंकर मारली की उडी घेणारे पांढरे किडे बुरशी खाणारे, त्यांची काळजी नाही. चकचकीत तांबूस ठिपक्यांसारखे कोळीकिडे सालांवर होते, तेही ओलीचेच सोबती. राखाडी, चौदा पायांचे, विटेखाली दडणारे जीव खेकड्याच्या गणगोतातले, पाचट तोडायला उपयोगी. दोन वाणी, ज्यांना काही जण पैसा म्हणतात, तेही सडकंच खातात. एक गोम निघाली. एवढ्या सगळ्यांत गांडुळावर तोंड टाकणारी खरी शिकारी तीच, पण एका गोमेनं हौद रिकामा होत नसतो.

ताट बाजूला ठेवून मी माती मुठीत घट्ट दाबली. एखाद-दुसरा थेंब निघायला हवा होता, पाण्याची धारच लागली. वासही आंबट. वर बघितलं तर एक कौल सरकलेलं, तळाचं भोक पाचटानं बुजलेलं. महिनाभर पाऊस आत येत होता आणि बाहेर जात नव्हता. वरून आमच्या सल्ल्यानं दुप्पट सालं. अशा वेळी गांडुळं रात्री भिंत चढून निघून जातात. हौदाच्या मागच्या बाजूला पावसात भिजलेली, वाळून काळी दोरी झालेली काही सापडली, तेव्हा शंका उरली नाही.

काय केलं

कौल बसवलं. भोक सळईनं मोकळं करून तोंडाशी नारळाच्या शेंड्या ठेवल्या, म्हणजे पुन्हा बुजू नये. वरचा कुजका थर काढून कोंबड्यांपुढं टाकला, सैनिक माशीच्या अळ्यांसकट. या वेळी मात्र आधी कोश निवडून घेतले. ते काम वहिनींनी स्वतः केलं, दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

सापडलेली गांडुळं आणि कोश एका जुन्या टबात वेगळे ठेवले: भोकं पाडलेला टब, फाडून भिजवून पिळलेले तरुण भारतचे जुने अंक आणि मुरलेलं शेण. हौदाचा प्रयोग फसला तरी बी शिल्लक राहावं म्हणून. हौदात सुकं पाचट बारीक तोडून मिसळलं, अंड्यांच्या टरफलांची पूड दोन मुठी पेरली. गुरुजी कळीचा चुना टाकायला निघाले होते, पण तो गांडुळांना भाजतो, म्हणून थांबवलं. दहा दिवस खाणं बंद. त्यानंतर सालं घालायची ती एका कडेला, थोडी, आणि वर पाचटाचं पांघरूण.

कोळीकिड्यांसाठी रात्री काकडीची साल उपडी ठेवायची आणि सकाळी किड्यांसकट उचलून लांब टाकायची. तीन रात्रीत ते आटोक्यात आले.

गेंडा भुंग्याच्या तिन्ही अळ्या मारल्या. मेटारायझियम बुरशीचा विचार झाला, शेणखड्ड्यातल्या या अळ्यांवर ती वापरतातच. पण तीनच अळ्या होत्या, हातानं काम भागलं. पाठीवर चालणाऱ्या आठ जणी एका बादलीत शेण घालून ठेवल्या. निदान चुकलं असेल तर त्या मोठ्या होऊन सांगतील, असा विचार. माळ्यावरचं थिमेट गुरुजींनी पिशवीसकट डब्यात बंद करून मुलांच्या हाताबाहेर ठेवलं. त्याची नीट विल्हेवाट कशी लावायची, हे अजून ठरलेलं नाही.

काय झालं

अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा पाच मुठी. गांडुळं एकतीस, त्यांत निम्म्याहून जास्त पिल्लं, तांबड्या रेघेची. पांढऱ्या कृमी होत्या, पण शोधाव्या लागल्या. आंबट वास गेला होता. दिवाळीच्या सुट्टीत पाच मुठीत अडुसष्ट. मेएवढी नाहीत, पण कोंबड्यांच्या पोटात गेलेली पिढी भरून यायला वेळ लागणारच. कोशातून निघालेलं पिल्लू स्वतः कोश घालायला लागेपर्यंत दोनेक महिने जातात.

बादलीतल्या आठांपैकी दोघी मेल्या. ऑक्टोबरमध्ये दोन तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचे भुंगे बाहेर पडले आणि जास्वंदीवर जाऊन बसले. म्हणजे पंचमीचं निदान बरोबर होतं. नारळाच्या नव्या झावळ्यांत एक कापलेली निघाली, म्हणजे भुंगा अजून परिसरात आहे. कुणाच्या तरी उकिरड्यात.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली चूक माझी. धूसर फोटोवर नाव सांगून टाकलं. त्याऐवजी "एक पिल्लू बशीत ठेवा, दोन दिवसांनी रंग बघा" एवढंच सांगितलं असतं तर जूनमध्येच ओल लक्षात आली असती. दुसरं, मी फक्त वहिनींनी दाखवलं तेवढंच बघितलं. तिनं जे विचारण्याजोगं मानलं नाही, नेमकं तिथंच नुकसान चालू होतं. आता कुणी हौदाचा फोटो पाठवला की मी उलट विचारतो, तुम्ही यातून काय काढून टाकता?

हौद नारळाखाली नसता बांधला तर बरं झालं असतं. सावली हवी होती हे खरं, पण पपईच्या बाजूलाही ती मिळाली असती.

एका बाबतीत माझं मत अजून ठरलेलं नाही. पाठीवरच्या अळ्यांचे भुंगे फुलं आणि पिकली फळंही कुरतडतात. मोठी फळबाग असती तर त्यांना असं सोडून दिलं असतं का? परसात दोन भुंग्यांनी काही बिघडत नाही, म्हणून सोडले.

आणि आजींनी पंचमी पुढं केली नसती तर? गुरुजींना मी हे विचारलं. ते हसले. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, पंचमीला उकरत नाहीत म्हणजे नाहीत.

त्यानंतरचा एक फोन

सप्टेंबरच्या शेवटी जावयांचा गुरुजींना व्हिडिओ आला. उसाच्या एका पिवळ्या बेटाखाली सापडलेल्या चार अळ्या, एका कौलाच्या तुकड्यावर. चौघी कुशीवर वेटोळं करून पडलेल्या, एकही पाठीवर नाही. पाठोपाठ फोन: "मामा, ह्या उलथत नाहीत. मास्तरांना दाखवा."

गुरुजींनी मला व्हिडिओ पाठवला. या वेळी लगेच उत्तर दिलं नाही. शेपटाखालचा जवळून फोटो मागवला, माती धुऊन. दोन ओळी स्पष्ट दिसत होत्या. हुमणीच होती.